प्रश्नांचीही परीक्षा

घटक चाचणीचे पेपर तपासून झाले, गुण तक्त्यात भरले, पहिले तीन क्रमांक वर्गात वाचून दाखवले, की उत्तरपत्रिकांचा गठ्ठा दोरीने बांधून कपाटात जातो आणि वर्षअखेरीस रद्दीत. मुलांविषयी जे कळायचे ते कळले, अशी आपली समजूत असते. पण त्या गठ्ठ्यात आणखी एक माहिती असते आणि ती न वाचताच आपण तिची रद्दी करतो. आपण काढलेला प्रत्येक प्रश्न कसा होता, ही ती माहिती. मुले प्रश्नांची उत्तरे लिहितात तेव्हा नकळत त्या प्रश्नांनाही गुण देऊन जातात. हे गुण मोजण्याची एक साधी रीत आहे. तिला पदविश्लेषण किंवा प्रश्नविश्लेषण म्हणतात. बी.एड.ला मूल्यमापनाच्या विषयात आपण तिच्यावर टीप लिहिलेली असते. शाळेत आल्यावर मात्र सहसा तिच्याकडे वळून पाहिलेले नसते. बेरीज, वजाबाकी आणि भागाकार एवढ्यावर ती भागते, म्हणून तिची पुन्हा ओळख करून घ्यावी असे आम्हांला वाटले.

उदाहरणासाठी छत्रपती संभाजीनगरच्या पुंडलिकनगरातली एखादी माध्यमिक शाळा डोळ्यांपुढे आणू. नववीच्या दोन तुकड्या, मिळून ७४ मुलेमुली. विज्ञानाची २५ प्रश्नांची वस्तुनिष्ठ चाचणी, प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय आणि एक गुण. (ही शाळा आणि तिचे आकडे कल्पित आहेत. हिशेब सहज कळावा म्हणून आकडे सोयीचे घेतले आहेत.) पेपर तपासून झाले की ते एकूण गुणांच्या उतरत्या क्रमाने लावायचे. सर्वांत वरचे २० पेपर एका बाजूला, सर्वांत खालचे २० दुसऱ्या बाजूला. मधले ३४ पेपर तूर्त बाजूला ठेवायचे. एकाने उत्तरे वाचायची, दुसऱ्याने कागदावर ताळ्याच्या खुणा मारायच्या. दोघा शिक्षकांचे तासा-दीड तासाचे काम आहे.

आता एक प्रश्न घेऊ. लोखंडाचा खिळा पाण्यात बुडतो, पण लोखंडी जहाज तरंगते, ते का? समजा, वरच्या गटातील २० पैकी १७ जणांनी आणि खालच्या गटातील २० पैकी ८ जणांनी बरोबर पर्याय निवडला. दोन्ही गट मिळून ४० पैकी २५ उत्तरे बरोबर, म्हणजे ०.६३. याला प्रश्नाचे काठिण्यमूल्य म्हणतात. नाव जरा उलटे पडले आहे. हा आकडा जितका मोठा तितका प्रश्न सोपा, तेव्हा खरे तर त्याला सोपेपणाचे मूल्य म्हणायला हवे होते. पण पुस्तकांतून हेच नाव रुळले आहे, आपणही तेच वापरू.

दुसरा आकडा अधिक महत्त्वाचा. वरच्या गटातील बरोबर उत्तरांतून खालच्या गटातील बरोबर उत्तरे वजा करायची आणि एका गटातील मुलांच्या संख्येने भागायचे. १७ उणे ८ म्हणजे ९, भागिले २०, म्हणजे ०.४५. हे भेदनमूल्य. ज्यांना विषय समजला आहे आणि ज्यांना तो समजलेला नाही, त्यांच्यात हा प्रश्न किती फरक करू शकतो, ते यावरून कळते. वरच्या सगळ्यांनी बरोबर आणि खालच्या सगळ्यांनी चूक लिहिले तर भेदनमूल्य १ येईल. दोन्ही गटांत सारखीच बरोबर उत्तरे असली तर ते शून्य येईल. आणि खालच्या गटाने वरच्या गटापेक्षा जास्त बरोबर उत्तरे दिली तर ते ऋण येईल. ऋण भेदनमूल्य दिसले की शिक्षकाने खुर्चीत सावरून बसावे. रॉबर्ट एबेल या अमेरिकन मापनतज्ज्ञांनी घालून दिलेला अडाखा आजही वापरतात. भेदनमूल्य ०.४० किंवा अधिक असेल तर प्रश्न फार चांगला, ०.३० ते ०.३९ असेल तर चांगला पण सुधारायला वाव असलेला, ०.२० ते ०.२९ असेल तर काठावरचा, आणि त्याखाली असेल तर टाकावा किंवा मुळातून दुरुस्त करावा.

वीसच पेपर का, असा प्रश्न चौकस विद्यार्थी विचारील. ७४ चे २७ टक्के म्हणजे २०. पण मग २७ टक्केच का? गट जितके टोकाचे घ्यावेत तितका त्यांच्यातला फरक ठळक दिसतो. अगदी वरची सात आणि अगदी खालची सात मुले घेतली तर फरक डोळ्यांत भरेल, पण सात मुलांवरून काढलेल्या अनुमानाचा भरवसा काय? उलट निम्मी वर आणि निम्मी खाली असे केले तर मुले भरपूर मिळतात, पण मधल्या मुलांची सरमिसळ होऊन फरक पुसट होतो. या ओढाताणीत सर्वांत फायद्याची जागा कोणती, हे ट्रुमन केली यांनी १९३९ मध्ये प्रसामान्य वितरण गृहीत धरून गणिताने काढले. उत्तर आले २७ टक्के. तो काही देवाचा शब्द नाही. वर्गात तीसच मुले असतील तर सरळ निम्मे-निम्मे गट करावेत.

काठिण्यमूल्याविषयी थोडे थांबून एक गोष्ट सांगायला हवी. प्रश्नपत्रिकेचा संविधान तक्ता करताना आपण प्रत्येक प्रश्नापुढे सोपा, मध्यम किंवा कठीण असे लिहितो. ते आपण कशावरून लिहितो? अनुभवावरून, म्हणजे अंदाजाने. प्रश्न किती अवघड आहे हे तो सोडवणाऱ्यांनी ठरवायचे असते, काढणाऱ्याने नाही. ही कल्पना जुनी आहे. आल्फ्रेद बिने आणि तेओदोर सिमाँ यांनी पॅरिसमध्ये १९०५ साली मुलांच्या बुद्धिमापनाची कसोटी तयार केली. १९०८ मध्ये तिची सुधारित आवृत्ती काढताना त्यांनी प्रश्न वयवार लावले, ते त्या त्या वयाच्या किती मुलांना तो प्रश्न सुटतो हे पाहून. आपल्याकडे डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी तेव्हाच्या मुंबई इलाख्यातील मराठी आणि कन्नड मुलांसाठी बिने कसोटीचे रूपांतर केले. त्यावरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक १९४० साली प्रसिद्ध झाले. परदेशातल्या मुलांना जो प्रश्न सहा वर्षांचा, तो इथल्या मुलांनाही सहाच वर्षांचा ठरेल असे धरून चालता येत नाही. ते इथल्या मुलांनाच विचारावे लागते. नववीचा प्रश्न कठीण की सोपा, हेही तसेच.

आता पुंडलिकनगरच्या चाचणीतला दुसरा प्रश्न पाहू. आमच्या मते हा लेख लिहिण्याचे खरे कारण हा प्रश्न आहे. ‘आपल्या शहरात उघड्या पातेल्यात पाणी तापवले, तर ते सुमारे किती अंश सेल्सिअसला उकळू लागेल?’ पर्याय ९६, ९८, १०० आणि १०२. उत्तरसूचीत १०० लिहिले आहे. समजा, दोन्ही गटांनी निवडलेले पर्याय असे आहेत :

(अ) ९६ अंश : वरचा गट १, खालचा गट ३
(ब) ९८ अंश : वरचा गट ११, खालचा गट २
(क) १०० अंश : वरचा गट ८, खालचा गट १३
(ड) १०२ अंश : वरचा गट ०, खालचा गट २

काठिण्यमूल्य काढले तर ४० पैकी २१, म्हणजे ०.५३. ना फार सोपा, ना फार कठीण. केवळ किती टक्के मुलांना प्रश्न आला एवढेच पाहणाऱ्याला हा प्रश्न आदर्श वाटेल. पण भेदनमूल्य काढा : ८ उणे १३, भागिले २०, म्हणजे उणे ०.२५. जी मुले बाकीच्या चोवीस प्रश्नांत पुढे आहेत तीच इथे मागे पडली आहेत, आणि ती कुठे गेली तेही तक्त्यात दिसते. ती जवळजवळ सगळी ९८ कडे गेली आहेत.

ती चुकली का? छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून सुमारे ५७० मीटर उंचीवर आहे. उंचीबरोबर हवेचा दाब कमी होतो आणि दाब कमी झाला की पाणी कमी तापमानाला उकळते. या उंचीपर्यंत ढोबळ हिशेब असा, की दर तीनशे मीटरला एक अंश. म्हणजे या शहरात पाणी सुमारे ९८ अंशांनाच उकळते. महाबळेश्वरला ते साडेपंच्याण्णवच्या आसपास उकळेल. पुस्तकातले १०० अंश हे समुद्रसपाटीवरील प्रमाण दाबाला आहेत. प्रश्नात ‘आपल्या शहरात’ असे शब्द आहेत, ते वाचून ज्यांनी विचार केला त्यांनी ९८ लिहिले. ज्यांनी पाठ केलेले आठवले त्यांनी १०० लिहिले आणि गुण मिळवला. उत्तरसूचीत ९८ लिहिले तर त्याच प्रश्नाचे, त्याच उत्तरपत्रिकांवरून, भेदनमूल्य ११ उणे २, भागिले २०, म्हणजे ०.४५ होते. सर्वांत वाईट प्रश्न एका आकड्याच्या दुरुस्तीने सर्वांत चांगल्या प्रश्नांत जाऊन बसतो.

ज्या अकरा मुलांचा इथे एक गुण गेला, त्यांच्या दृष्टीने नुकसान एका गुणापुरते नाही. वाचलेले वापरून विचार केला, तर तो चूक ठरला, असा अनुभव त्यांच्या पदरी पडला. पुढच्या वेळी ती १०० लिहितील. एखादी धीट मुलगी पेपर घेऊन शिक्षकखोलीच्या दारात येईलही, पण बाकीची दहा येणार नाहीत. शिक्षकाला त्यांची बाजू कळण्याचा मार्ग म्हणजे हा चार ओळींचा तक्ता.

हे फक्त शाळेच्या चाचणीत घडते असे नाही. वैद्यकीय प्रवेशासाठीची नीट परीक्षा ५ मे २०२४ रोजी झाली. तिच्या भौतिकशास्त्राच्या भागात अणूविषयी दोन विधाने होती, त्यांतील दुसरे असे, की प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर असतात आणि आपला वैशिष्ट्यपूर्ण वर्णपट उत्सर्जित करतात. किरणोत्सारी मूलद्रव्ये लक्षात घेतली तर हे विधान चूक आहे. पण बारावीच्या एनसीईआरटीच्या पुस्तकाच्या जुन्या आवृत्तीत तसेच छापलेले होते. नव्या आवृत्तीत ते दुरुस्त झाले. परीक्षा घेणाऱ्या संस्थेने दोन्ही उत्तरांना गुण दिले. त्या वर्षी ७२० पैकी ७२० गुण मिळवणारे ६७ विद्यार्थी होते, त्यांपैकी ४४ जणांचे पूर्ण गुण या एका प्रश्नाच्या जुन्या उत्तरामुळे होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २२ जुलैला न्यायालयाने दिल्लीच्या आयआयटीकडून तज्ज्ञांचे मत मागवले आणि दुसऱ्या दिवशी एकच उत्तर बरोबर असल्याचे ठरले. जुने उत्तर लिहिणाऱ्या चार लाखांहून अधिक मुलांचे पाच-पाच गुण कमी झाले (चार मिळालेले गेले, एक चुकीबद्दल वजा झाला) आणि सुधारित यादीत पैकीच्या पैकी गुण मिळवणारे १७ उरले. आपल्या तक्त्याच्या भाषेत सांगायचे तर, वरच्या गटातल्याही अगदी वरच्या टोकाला दोन पर्यायांवर अशी फाटाफूट दिसते, तेव्हा मुलांकडे पाहण्याआधी प्रश्नाकडे पाहावे. हे निकाल लावण्यापूर्वी पाहता येते. त्याला न्यायालय लागत नाही.

भेदनमूल्य ऋण येण्याचे कारण दर वेळी उत्तरसूचीच असेल असे नाही. ‘खालीलपैकी कोणते विधान अयोग्य नाही?’ अशी दुहेरी नकाराची वाक्यरचना असली, की विज्ञान येणारे मूलही घाईत फसते. ‘फक्त’, ‘नेहमी’, ‘सर्व’ असे शब्द विधानात असले की काटेकोर वाचणारे मूल अपवाद शोधत बसते आणि वरवर वाचणारे पुढे निघून जाते. आकडा प्रश्नाकडे बोट दाखवतो, दोष कोणता ते सांगत नाही. ते प्रश्न पुन्हा वाचून, आणि शक्य असेल तर वरच्या गटातल्या दोन-तीन मुलांना ‘तू हे का निवडलेस?’ असे विचारून शोधायचे असते.

आता शून्याच्या जवळपासचे प्रश्न. एखाद्या प्रश्नात वरच्या गटाचे पाच आणि खालच्याही गटाचे पाच बरोबर, आणि बाकीची उत्तरेही तिन्ही पर्यायांत जवळजवळ सारखी विभागलेली, असे दिसले तर समजावे की साऱ्यांनी डोळे मिटून बोट ठेवले आहे. चार पर्यायांत एक चतुर्थांश उत्तरे निव्वळ अंदाजाने बरोबर येतात. बहुधा तो भाग दोन्ही तुकड्यांत शिकवायचा राहिलेला असतो. हा प्रश्न मुलांविषयी काहीच सांगत नाही, शिक्षकाविषयी मात्र सांगतो.

चुकीचे पर्यायही मोजण्यासारखे असतात. त्यांचे काम चकवण्याचे. न समजलेल्या मुलाला ते पटण्यासारखे वाटले पाहिजेत. ‘डासांमुळे पसरणारा रोग कोणता? (अ) हिवताप (ब) कावीळ (क) मधुमेह (ड) मोतीबिंदू.’ मधुमेह आणि मोतीबिंदू हे पर्याय चाळीसांपैकी एकानेही निवडले नाहीत, तर तो प्रश्न चार पर्यायांचा राहिलाच नाही. दोन पर्याय शोभेचे आहेत आणि काहीही न येणाऱ्या मुलालाही निम्मी संधी मिळते आहे. त्यांच्या जागी विषमज्वर आणि क्षय घातले तर प्रश्न जिवंत होतो. चांगला चकवा कल्पनेने सुचत नाही. तो मुलांच्या वह्यांत सापडतो. आदल्या वर्षी हाच प्रश्न पर्याय न देता विचारावा आणि मुलांनी लिहिलेली चुकीची उत्तरे टिपून ठेवावीत, त्यांतून पुढच्या वर्षीचे पर्याय आयते मिळतात.

मग पाण्याचे रासायनिक सूत्र विचारणारा प्रश्न, ज्यात वरच्या गटाचे २० आणि खालच्या गटाचे १९ बरोबर आहेत, त्याचे काय करायचे? भेदनमूल्य ०.०५. एबेलच्या अडाख्याप्रमाणे टाकून द्यायला हवा. आम्ही तो टाकणार नाही. चाचणी कशासाठी घेतली यावर हे अवलंबून असते. थोड्या जागांसाठी पुष्कळांतून निवड करायची असेल तर फरक न करणारा प्रश्न वाया जातो. पण शाळेतली घटक चाचणी निवडीसाठी नसते. शिकवलेले पोहोचले की नाही हे पाहण्यासाठी ती असते. सगळ्यांना सूत्र आले, ही आनंदाची बातमी आहे आणि खालच्या गटातील मुलाला पेपरात चार ओळखीचे प्रश्न मिळाले तर त्याला पुढचे लिहायला हुरूप येतो. भेदनमूल्याच्या मागे लागून साऱ्या पेपरात ०.५ च्या आसपासचेच प्रश्न भरण्याची जी हौस काही ठिकाणी दिसते, ती स्पर्धा परीक्षांची शाळेत आलेली सावली आहे. ऋण भेदनमूल्य मात्र कोणत्याही हेतूने घेतलेल्या चाचणीत खपवून घेऊ नये.

या रीतीच्या दोन मर्यादा सांगायलाच हव्यात. पहिली संख्येची. दोघांनी वीस-वीस वेळा नाणे उडवले, तर एकाला १२ आणि दुसऱ्याला ८ छापा पडणे नवलाचे नाही. म्हणजे दोन गटांत मुळात काही फरक नसतानाही ०.२० एवढे भेदनमूल्य योगायोगाने येऊ शकते. वीस-वीसच्या गटांत भेदनमूल्याची प्रमाण त्रुटी ०.१५ च्या आसपास असते. त्यामुळे ०.३२ चा प्रश्न ०.२८ च्या प्रश्नापेक्षा चांगला, असे एका चाचणीवरून म्हणू नये. आपल्या पाण्याच्या प्रश्नातले उणे ०.२५ हेदेखील एकटे असते तर ती शंका ठरली असती, पुरावा नव्हे. पण तिथे ९८ या पर्यायावर ११ विरुद्ध २ अशी विभागणी आहे, ती योगायोगाच्या पलीकडे जाते. लाखो मुलांच्या परीक्षेत ही अडचण उरत नाही, म्हणून तिथे हे न करण्याला सबबही उरत नाही.

दुसरी मर्यादा अधिक खोलवरची आहे. वरचा गट कोणता हे आपण एकूण गुणांवरून ठरवले, आणि एकूण गुण याच पंचवीस प्रश्नांचे आहेत. बहुतेक प्रश्न पाठांतराचे असतील तर वरचा गट पाठांतर करणाऱ्यांचा होईल, आणि पेपरातला एकुलता एक विचार करायला लावणारा प्रश्न या मोजमापात वाईट ठरेल. अशा वेळी वाईट तो प्रश्न नसून बाकीचे चोवीस असतात. पेपरात जे मोजायचे तेच मोजले जाते आहे का, याला सप्रमाणता म्हणतात. ती कोणत्याही गुणोत्तरातून बाहेर पडत नाही, अभ्यासक्रम आणि पेपर शेजारी ठेवून वाचावी लागते.

वरच्या इयत्तांच्या विद्यार्थ्यांना गणिताची आवड असेल तर मधले ३४ पेपर न टाकताही हे काम करता येते. प्रश्न बरोबर लिहिणाऱ्या सर्वांच्या एकूण गुणांची सरासरी काढायची, चूक लिहिणाऱ्यांची सरासरी काढायची, दोहोंच्या फरकाला सर्व गुणांच्या प्रमाण विचलनाने भागायचे आणि आलेल्या संख्येला बरोबर-चूक प्रमाणांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाने गुणायचे. समजा बरोबर लिहिणारे ६० टक्के, त्यांची सरासरी १५.२; चूक लिहिणारे ४० टक्के, त्यांची सरासरी १२; प्रमाण विचलन ४. फरक ३.२, भागिले ४ म्हणजे ०.८. ०.६ गुणिले ०.४ म्हणजे ०.२४, त्याचे वर्गमूळ ०.४९. गुणाकार ०.३९. हा त्या प्रश्नाचा एकूण गुणांशी असलेला सहसंबंध गुणांक. पंचवीसच प्रश्नांची चाचणी असेल तर एकूण गुणांतून त्या प्रश्नाचा स्वतःचा गुण आधी वजा करावा, नाहीतर प्रश्न स्वतःशीच सहसंबंध दाखवून थोडा फुगतो. संगणकावरच्या तक्त्यात ही सारी आकडेमोड एका सूत्राने होते.

दीर्घोत्तरी प्रश्नांनाही हीच रीत लागू पडते, आणि आपल्याकडे बोर्डाच्या परीक्षेत तेच अधिक. पाच गुणांच्या प्रश्नात वरच्या गटाची सरासरी ३.८ आणि खालच्या गटाची १.७ असेल, तर फरक २.१, भागिले ५, म्हणजे भेदनमूल्य ०.४२. दोन परीक्षकांनी गठ्ठे वाटून घेतले असतील तर प्रत्येकाच्या गठ्ठ्याचा हिशेब वेगळा करून पाहावा. प्रश्न तोच आणि भेदनमूल्ये फार वेगळी, असे झाले तर दोष प्रश्नाचा नसून तपासणीचा असतो. ही तपासणी शिक्षकांना फारशी आवडत नाही, हे आम्हांला ठाऊक आहे.

एकूण सारखेच गुण मिळवणाऱ्या मुलांचे दोन गट करून पाहणे, ही याच रीतीची पुढची पायरी. मुलगे आणि मुली, मराठी माध्यम आणि इंग्रजी माध्यम, शहरातली मुले आणि खेड्यावरून येणारी. एकूण गुण सारखे असूनही एखाद्या प्रश्नात एक गट सतत मागे पडत असेल, तर तो प्रश्न विषयापेक्षा दुसरेच काहीतरी मोजतो आहे. लोकल गाडीचा पास आणि त्याच्या मुदतीवरचे गणित मुंबईच्या मुलाला सरावाचे असते. पुंडलिकनगरच्या मुलाला आधी पास म्हणजे काय ते समजून घ्यावे लागते. त्याला चार दिवसांआड येणारे नळाचे पाणी आणि दोनशे लिटरच्या ड्रमांचे गणित घाला, तो झटकन सोडवील. माध्यम बदलताना होणाऱ्या चुका तर आणखी गंभीर. महाराष्ट्राच्या सामाईक प्रवेश परीक्षेत २७ एप्रिल २०२५ रोजी सकाळच्या सत्रात गणिताच्या ५० प्रश्नांपैकी २१ प्रश्नांच्या इंग्रजी आवृत्तीत पर्यायांच्या चुका निघाल्या. परीक्षा कक्षाला २७ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांची फेरपरीक्षा ५ मे रोजी घ्यावी लागली. तिथे चुका इतक्या ढळढळीत होत्या, की मुलांनी परीक्षेतून बाहेर पडताच तक्रारी केल्या. एकाच प्रश्नाच्या भाषांतरात एक शब्द निसटला, तर कोणी तक्रार करत नाही. तो फक्त अशा मोजणीतून सापडतो.

मोजलेले आकडे कुठेतरी राहिले पाहिजेत. प्रत्येक प्रश्नाला एक पत्र करावे. पुढे प्रश्न, मागे चाचणीची तारीख, मुलांची संख्या, काठिण्यमूल्य, भेदनमूल्य आणि चारही पर्यायांची विभागणी. तीन-चार वर्षांत दोनशे तपासलेल्या प्रश्नांची पेटी तयार होते आणि वर सांगितलेली लहान संख्येची अडचणही कमी होते, कारण दर वर्षीची मुले एकत्र मोजता येतात. शेजारच्या दोन शाळांनी पेट्या एकत्र केल्या तर आणखी चांगले.

पाण्याच्या प्रश्नाचे पत्र कसे असावे ते सांगून थांबतो. झालेल्या चाचणीपुरते, आमच्या मते, उत्तरसूचीत ९८ करून सर्व ७४ पेपरांतला तो एक प्रश्न पुन्हा तपासावा आणि का ते दोन्ही तुकड्यांत सांगावे. सरसकट सर्वांना एक-एक गुण देण्याची पद्धत सोपी आहे, पण तिने विचार करणाऱ्या आणि न करणाऱ्या मुलांत पुन्हा फरक उरत नाही. पुढच्या वर्षीसाठी प्रश्न असा लिहावा : ‘समुद्रसपाटीवर पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते. पुंडलिकनगर समुद्रसपाटीपासून सुमारे ५७० मीटर उंचीवर आहे. येथे उघड्या पातेल्यातील पाणी सुमारे किती अंशांना उकळेल?’ आता कोणालाही पुस्तक आणि विचार यांत निवड करावी लागणार नाही. भेदनमूल्य कदाचित ०.४५ वरून खाली येईल, ते मोजून पत्राच्या मागे लिहावे. चाचणीनंतर स्टोव्हवर पातेले ठेवून तापमापीने प्रत्यक्ष पाहताही येईल. मात्र तापमापी आधी वितळत्या बर्फात धरून शून्याची खूण तपासून घ्यावी. शाळांतल्या तापमाप्या एखाद-दुसऱ्या अंशाने चुकतात, आणि इथे सारा मामला दोन अंशांचाच आहे.